गाडी उलटी की फोटो उलटा?

29 फेब्रुवारी 1988, सोमवार. ज्यानं कुणी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलंय त्याला ही तारीख सांगा, तो आधी बजेट म्हणेल. त्या काळी बजेट संध्याकाळी पाचला मांडलं जायचं, म्हणजे नेमकं जेवणाच्या वेळी टेलिप्रिंटरला भरतं यायचं. अर्थमंत्री नारायणदत्त तिवारींचं भाषण, करांचे तक्ते, काय महाग काय स्वस्त, उद्योगपतींच्या प्रतिक्रिया, विरोधकांच्या प्रतिक्रिया (या दोन्ही दरवर्षी त्याच, फक्त नावं बदलायची). इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी खेळाचं पान बघत होतो. घरी रामबागेत मराठी, डेस्कवर हिंदी आणि वृत्तसंस्थेच्या तारेवर इंग्रजी, असा तीन भाषांचा संसार. त्या रात्री माझं अर्धं पान बजेटनं गिळलं होतं.

आदल्या दिवशी कॅनडात कॅलगरीचं हिवाळी ऑलिंपिक संपलं होतं. तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेबारा तासांचा फरक. रविवारी दुपारी तिथं जे घडेल ते आमच्याकडे अंक मशीनवर चढल्यावर येणार. त्यामुळे जमैकाच्या चौघांची बॉबस्लेची, म्हणजे बर्फाच्या उतरत्या वाटेवरून घसरत जाणाऱ्या गाडीच्या शर्यतीची, बातमी माझ्या हातात पडली ती बजेटच्या रात्रीच.

तोवर तारेवर त्यांची बरीच चर्चा येऊन गेली होती. जमैका हे बर्फ न पडणारं उष्ण बेट, पण तिथं हातगाड्यांच्या शर्यती होतात. त्या बघून दोन अमेरिकनांच्या डोक्यात आलं की, ढकलत पळायचं आणि उडी मारून आत बसायचं, हे तर बॉबस्लेच. मग लष्करातली आणि मैदानावरची माणसं गोळा केली. गाडी चालवणारा डडली स्टोक्स लष्करात हेलिकॉप्टर उडवायचा. डेव्हन हॅरिस लष्करी अधिकारी, मायकेल व्हाइट धावपटू. चौथा ख्रिस स्टोक्स हा डडलीचा धाकटा भाऊ. तो आला होता भावाची शर्यत बघायला. संघातला एक जण जायबंदी झाला आणि शर्यतीच्या तोंडावर याला गाडीत बसवलं. टी-शर्ट विकून पैसे उभे करणारा संघ. डडली आणि व्हाइट दोघांच्या गाडीत तिसावे आले होते, म्हणजे मागेही काही जण होतेच. हे मला मोलाचं वाटलं, पण तारेचा सूर सगळा थट्टेचा. आम्हीही ती थट्टा चवीनं छापली होती.

चौघांच्या शर्यतीत चार फेऱ्यांची वेळ मिळून निकाल लागतो. तिसऱ्या फेरीत त्यांची सुरुवात जोरदार झाली, तिथल्या बड्या संघांच्या तोडीची. आणि वळणावर गाडी भिंतीवर चढून उलटली. चौघेही आतच. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, गाडी डोक्यावर, हेल्मेट बर्फाला घासतायत. थांबल्यावर ते बाहेर निघाले आणि गाडीच्या बाजूनं चालत शेवटापर्यंत गेले. पुढे त्यांच्यावर निघालेल्या 'कूल रनिंग्ज' सिनेमात गाडी खांद्यावर उचललेली दाखवली, तसं काही झालं नव्हतं.

रेडिओफोटोचं मशीन आमच्याकडे ओळीओळीनं चित्र काढायचं. आधी काळा पट्टा, मग राखाडी, मग कुठं माणूस दिसायला लागायचा. फोटो आला तो खरबरीत. लांबट काहीतरी, खाली गोल डोकी, वर दोन रुळांसारख्या पट्ट्या. दोन कॉलम जागा मागितली. मुख्य उपसंपादक, आमचे नाना, महाग-स्वस्तच्या तक्त्यातून मान वर न करता म्हणाले, "दीड घे आणि गप बस."

दीडच घेतला. साडेबाराच्या सुमाराला पानाचं प्रूफ आलं आणि मी बघतच राहिलो. गाडी सरळ! डोकी वर, पट्ट्या खाली, आणि बर्फाची जमीन आभाळात. खाली माझा मथळा: 'जमैका की गाड़ी पलटी'. धावत पेस्टिंगच्या, म्हणजे मजकूर-फोटो कापून पानावर चिकटवायच्या टेबलाशी गेलो. पेस्टिंगवाले भिया हातात ब्लेड घेऊन समाधानानं उभे. "भिया, फोटो उल्टा आया था, हमने सीधा कर दिया." फोटोच्या कडेची माहितीच्या ओळींची पट्टी त्यांनी आधीच कापून टाकलेली, त्यामुळे पुरावाही नाही. गाडीच उलटली होती, हे पटवायला मला टेबलावर रबर सोल्युशनची डबी आडवी-उताणी करून दाखवावी लागली. त्यांचा प्रश्न एकच: "तो फिर लोग बैठे क्यूँ हैं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फोटोच्या कोपऱ्याखाली मोजपट्टी घातली, फोटो उचलला आणि पुन्हा उलटा चिकटवला.

नाना तोवर चहाला उठले होते. सुधारलेलं पान बघून म्हणाले, "चांगलंय. आणि आपली ती मुलगी? स्लॅलममधली?"

"शैलजा कुमार. अठ्ठाविसावी आली."

"कुठं गेली?"

"संक्षिप्तमध्ये. एक परिच्छेद, परवाच."

हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री. स्लॅलम म्हणजे स्कीइंगची शर्यत; बर्फाच्या उतारावर झेंड्याच्या काठ्यांमधून दोनदा उतरायचं असतं. दोन काठ्यांमधलं एक फाटक चुकलं की बाद, आणि भल्याभल्या जणी बाद होतात. ही दोन्ही वेळा खाली पोचली.

"नाना, तिचा फोटोच आला नाही."

"कसा येईल? पडली नाही ना ती."

नानांचं बोलणं असंच, विडी झटकावी तसं. मला राग आला, कारण ते खरं होतं. जमैकाच्या बातमीतल्या टी-शर्टच्या चार ओळी मी काढल्या आणि त्या जागी शैलजाचं नाव, क्रमांक आणि 'पहिली भारतीय महिला' बसवलं. जमैकाच्या मथळ्याखाली ती जरा परकीच दिसत होती. पण बजेटच्या रात्री चार ओळीसुद्धा कुणाकडून तरी मागून घ्याव्या लागतात.

1994 च्या हिवाळी ऑलिंपिकला, नॉर्वेतल्या लिलेहॅमरमध्ये, डडली स्टोक्सच गाडी चालवत होता. जमैका चौदावा आला, अमेरिका, रशिया, फ्रान्सच्या पुढे. निकाल 27 फेब्रुवारीला लागला आणि बजेट दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे पान पूर्ण माझं. फोटो आला तो चौघे गाडीत नीट बसलेले. पेस्टिंगवाल्या भियांनी तो हातात धरून दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला आणि मला हाक मारली, "भिया, पहले बता दो, इस बार क्या हुआ है?"