तळ्याचा पूर्वेचा काठ

सोलापुरात आषाढात पाऊस येईलच असं नाही, वारा मात्र हमखास. पश्चिमेकडून दिवसदिवस सुटलेला, दोरीवरच्या चादरी उडवणारा. या दिवसांत हिप्परग्याच्या तलावावर जायचं तर पूर्वेच्या काठाला जावं. पश्चिमेला पाणी जमिनीच्या आडोशाला निवांत पडलेलं असतं. थोडं आत शिरशिरी, मग तरंग, आणि पलीकडे पोचेपर्यंत चक्क फेसाळ लाटा.

लाट वाढते ती वाऱ्याच्या जोरावर, पण वारा टिकावाही लागतो आणि त्याला मोकळं पाणीही मिळावं लागतं. ताशी 35 किलोमीटरचा वारा 3 किलोमीटर पाण्यावरून तासभर वाहिला, की लाट होते जेमतेम फूटभर. दोन फुटांची हवी तर त्याच वाऱ्याला चौपट लांब पाणी द्या, वेळही जास्त द्या. म्हणून सिद्धेश्वर तलावात घाटाच्या पायरीवर नुसतं चुबुक चुबुक, आणि उजनीच्या फुगवट्यावर मात्र वारा चढला की होडी काढताना विचार करावा लागतो.

आपल्याकडची खरी गोची वेगळीच. वारा जोरात तेव्हा तलाव आटलेला. भादव्यात पाणी चढतं, तोवर वारा पडलेला.

फूटभर लाट साधारण सव्वा फूट पाण्यात फुटते. काठी रोवून बघावं. दोन सेकंदांनी एक लाट, दोन माथ्यांत सहाएक मीटर. कोकणात दुरून आलेली दहा सेकंदांची लाट दीडशे मीटर लांब असते, तिला 75 मीटर खोलीवरच तळ लागायला लागतो. तिथे सकाळी जमिनीवरचा वारा तिला समोरून थोपवतो, ती उशिरा आणि ताठ उभी राहून फुटते. दुपारचा समुद्रावरचा वारा तिला मागून ढकलून आधीच पाडतो. तळ्यात ही मजा नाही, कारण इथे लाट आणि वारा एकाच दिशेचे.

हिप्परग्याचा मातीचा बांध 1871 चा. अशा बांधाला पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर, लागतं. ओबडधोबड दगडावर लाट अडखळते. गुळगुळीत काँक्रीटवर तेच पाणी जास्त वर चढतं. दगड सुटतात ते बहुतेक पाणी मागे फिरताना: फटीतून खालची माती ओढली जाते. म्हणून दगडाखाली खडी-वाळूचा थर हवाच. लाट परतताना फटीकडे बघावं. पाणी गढूळ निघालं, तर थर गेलेला आहे.