उमेदवाराची श्रद्धा आणि आपले मत

निवडणूक आली की आमच्या सांगलीत प्रचाराचा नारळ बहुधा कृष्णाकाठच्या गणपतीपुढे फुटतो आणि तेच उमेदवार पुढे मिरजेच्या दर्ग्यातही माथा टेकतात. त्यात मला काहीही गैर वाटत नाही. मात्र 'तो आपल्या धर्माचा आहे का' हा प्रश्न त्याच्या कामाच्या आधी विचारला जातो, तेव्हा मनापासून वाईट वाटते.

उमेदवाराला अर्जासोबत जे शपथपत्र द्यावे लागते, त्यात फौजदारी खटले, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांचा तपशील असतो, पण श्रद्धेचा रकाना नसतो. निवडून आल्यावरही ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचे, हे राज्यघटनेने त्याच्यावरच सोपवले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराच्या धर्माचाही समावेश केला.

हा कायदा उमेदवाराला बांधतो, मतदाराला नाही. म्हणूनच आपली जबाबदारी मोठी. श्रद्धेच्या नावाखाली कोणी दुसऱ्याच्या हक्कांवर गदा आणू पाहत असेल, तर ते जरूर तपासावे. एरवी २०१९ च्या महापुरात तो कुठे होता आणि आमच्या जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याच्या पाण्यासाठी त्याने काय केले, हेच मी विचारणार.