हातचा एक आणि ३६५, ईस्ट मिडलफील्ड रोड

सोमवारी गेलो तर संग्रहालय बंद. मंगळवारीही बंदच असतं, असं कळलं. चूक माझीच. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूचं ‘कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम’ बघायचंय म्हणून आठवडाभर लेकीच्या मागे लागलो होतो, पण वार बघायचं काही सुचलं नाही. ती बिचारी ऑफिसातून दोन तास काढून आली होती. “बाबा, आता?” म्हणाली. मी खिशातली चिठ्ठी काढली. तिच्यावर दुसरा पत्ता लिहिलेला होता : ३६५, ईस्ट मिडलफील्ड रोड.

रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली काढलेल्या इंटेलचं पहिलं बिऱ्हाड या पत्त्यावर होतं. गाडी हळू चालवत आम्ही तो रस्ता पाहिला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी ऑफिसं, झाडांच्या सावलीत लावलेल्या गाड्या. सांगितलं नाही तर इथे काही घडलं होतं असं कुणाच्या मनातही येणार नाही. लेक म्हणाली, “यासाठी पेट्रोल जाळलंत?” मी गप्प बसलो. मला तिथली माती कपाळाला लावायची नव्हती, अंदाज घ्यायचा होता. म्हणजे केवढ्याशा कंपनीत कॅल्क्युलेटरसाठीची इंटेल ४००४ ही चिप जन्माला आली असेल, याचा.

हे वेड कुठून लागलं ते सांगतो. १९७५ साली मी एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात चिकटलो. तिथे आमच्या वाट्याला फॅसिटचं हाताचं यंत्र होतं. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, उलटं फिरवलं की वजाबाकी. भागाकार करायचा तर उलटं फिरवत राहायचं. घंटी वाजली की एक फेरा जास्त झाला असं समजायचं, एक फेरा पुढे घ्यायचा, गाडी एक घर सरकवायची आणि पुन्हा सुरू. ऊस बिलांच्या दिवसांत संध्याकाळी खांदा भरून यायचा. पुढे छापणारा कॅल्क्युलेटर आला, कागदाच्या गुंडाळीवाला. ती पट्टी व्हाउचरला टाचायची, लाल पेन्सिलीनं एकेका आकड्यावर खूण करायची आणि ताळा लागला की घरी. त्या यंत्राच्या पोटात काय आहे, याचा विचार त्या काळात आमच्यातल्या एकानंही केला नाही.

गुरुवारी मात्र मी दार उघडायच्या आधीच हजर होतो. सुरुवातीच्या दालनात मणिचौकटी, स्लाइड रूल, हँडलची यंत्रं अशी माझी भावकी मांडलेली. तिथे रेंगाळलो खरा, पण जीव पुढे अडकला होता. डिजिटल लॉजिकच्या दालनात काचेआड ती होती : बिझिकॉम या जपानी कंपनीच्या १४१-पीएफ या छापणाऱ्या कॅल्क्युलेटरची कच्ची प्रत, ४००४ ची चिप आखणाऱ्या फेदेरिको फाजिन यांनी संग्रहालयाला दिलेली. टेबलावर बसेल एवढी पेटी, बटणं आणि कागद. आमच्या खात्यात कुणी आणून ठेवली असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं! जगातला पहिला बाजारात विकला गेलेला मायक्रोप्रोसेसर (लिहून दिलेल्या आज्ञा एकेक करून पाळणारी चिप), इंटेल ४००४, हिच्यासाठी जन्माला आला.

(‘पहिला कोण’ यावरून कज्जे आहेत. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सवाले आपलं घोडं पुढे दामटतात, लढाऊ विमानातल्या चिपचं नावही निघतं. म्हणून ‘बाजारात विकला गेलेला’ असं बेतानं लिहिलंय.)

या पेटीपर्यंतची चाल बघण्यासारखी आहे. कॅसिओचा १९५७ सालचा १४-ए हा ३४२ रिलेंवर, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या खटक्यांवर चालायचा आणि वजन १४० किलो, फर्निचरच ते. १९६१ साली इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालणारा ‘अनिता’ नावाचा कॅल्क्युलेटर आला. १९६४ साली शार्पनं ट्रान्झिस्टरचा काढला, २५ किलोचा, ५ लाख ३५ हजार येनांना, म्हणजे मोटारीच्या भावात. १९६९ मध्ये त्याच शार्पनं चार मोठ्या चिपांवर टेबली यंत्र आणलं. मग काय, जपानात जो तो चिपवाल्यांच्या दारात. बिझिकॉम इंटेलच्या दारात गेली.

इंटेलचा धंदा मेमरीच्या चिपांचा. १९६९ च्या जूनमध्ये बिझिकॉमचे मासातोशी शिमा आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियाला आले ते आपला आराखडा घेऊनच. शिमा तेव्हा पंचविशीतले, शिकलेले रसायनशास्त्र. त्यांच्या आराखड्यात कळफलकाला वेगळी चिप, छपाईला वेगळी, गणिताला वेगळी, अशा डझनभर चिपा लागत होत्या. एवढ्या निरनिराळ्या चिपा आखायला इंटेलकडे माणसंच नव्हती. इंटेलच्या टेड हॉफ यांनी आराखडा पाहिला आणि त्यांना वाटलं, हे उलटं चाललंय. प्रत्येक कामाला एक कारागीर ठेवण्यापेक्षा एकच सांगकाम्या ठेवावा आणि काय करायचं ते त्याला मेमरीत लिहून द्यावं. मेमरी तर इंटेलच्या घरचीच! हॉफ आणि त्यांचे सहकारी स्टॅन मेझर यांनी तसा आराखडा बसवला, बिझिकॉमनं तो पत्करला, १९७० च्या फेब्रुवारीत ६० हजार डॉलरचा करार झाला.

मला हे फार ओळखीचं वाटतं. आमच्याकडे माणसं कमी पडली की साहेब एकालाच चार टेबलं द्यायचे. फरक एवढाच की आमच्या टेबलांतून काही निपजलं नाही.

४००४ एका वेळी चारच बिट हाताळतो; बिट म्हणजे शून्य किंवा एक. आता चारच का? इथे हिशेबनिसाचा जीव सुखावतो. शून्य ते नऊ यांतला कुठलाही अंक लिहायला चार बिट पुरतात. म्हणजे ४००४ एका वेळी एक अंक उचलतो, त्यात दुसरा मिळवतो आणि दहा किंवा वर गेलं तर हातचा एक धरून पुढच्या घरात जातो. आपण तिसरीत शिकलो तेच. त्यासाठी एक खास आज्ञाच ठेवलेली आहे, बेरीज नवाच्या वर गेली की ती दशमानात नीट करून द्यायची. शेजारी एक आजी चिमुरड्या नातवाला काहीतरी समजावत होत्या. मला मराठीत ‘हातचा’ ओरडून सांगावंसं वाटलं.

काटकसर तर अशी की वाण्यानं बघून शिकावं. इंटेलकडे हाताशी होतं १६ पायांचं वेष्टन. त्यात पत्ता आणि डेटा यांना मिळून चारच तारा. म्हणून १२ बिटांचा पत्ता चार-चार बिटांच्या तीन हप्त्यांत जायचा, ८ बिटांची आज्ञा दोन हप्त्यांत यायची आणि मग चिपच्या घड्याळाच्या तीन ठोक्यांत काम. असे आठ ठोके म्हणजे एका साध्या आज्ञेला सुमारे १०.८ मायक्रोसेकंद. संगणकवाल्यांना हे रडतखडत वाटेल. बटण दाबणाऱ्या कारकुनाच्या बोटापुढे हा वेग अफाट आहे. पेटीत एक ४००४, चार ४००१ म्हणजे आज्ञा साठवणारे रॉम, दोन ४००२ म्हणजे आकडे ठेवायची मेमरी, तीन ४००३ म्हणजे कळफलक-छपाईकडे जायच्या वाटा. वर्गमूळ हवं असेल तर पाचवा रॉम लावायचा. हे वाचलं आणि मी दोन मिनिटं तिथेच थांबलो. वर्गमूळासाठी नवं यंत्र नाही, नवी तार नाही. नुसतं नवं लिहिलेलं काहीतरी आत सरकवायचं!

पण आराखडा म्हणजे चिप नव्हे. करार झाला, हॉफ दुसऱ्या कामाला लागले आणि चिप आखायला कुणी उरलंच नाही. १९७० च्या एप्रिलमध्ये इटलीत वाढलेले फाजिन फेअरचाइल्ड या चिपांच्या कंपनीतून आले. ट्रान्झिस्टर दाटीनं बसवायची सिलिकॉन गेटची पद्धत त्यांनीच तिथे विकसित केली होती. ते रुजू होऊन काही दिवस होतात न होतात तोच शिमा झालेलं काम तपासायला टोकियोहून हजर. बघतात तर काम शून्य. शिमा खवळले, आणि रास्तच होतं. पण पुढे मोठेपणा असा की रागावलेलं गिऱ्हाईकच सहा महिने राहून हाताखाली राबलं. १९७० च्या डिसेंबरअखेर ४००४ च्या पहिल्या चकत्या (चिपा ज्यांवर घडवतात त्या सिलिकॉनच्या) आल्या. एकही चिप चालेना. कारखान्यात मुखवट्यांमधला (म्हणजे चिपवर नक्षी उमटवणाऱ्या साच्यांमधला) एक थरच द्यायचा राहून गेला होता. जानेवारीत दुसरी खेप आली आणि ती चालली. २,३०० ट्रान्झिस्टर. कोपऱ्यात फाजिन यांनी आपली आद्याक्षरं एफ.एफ. कोरली आहेत. चिपच्या मोठ्या फोटोवर ती शोधायला मला चष्मा काढून पुन्हा घालावा लागला.

हे सगळं बिझिकॉमच्या पैशांतून झालं, तेव्हा माल बिझिकॉमचाच. पण कॅल्क्युलेटरचे भाव कोसळत होते आणि बिझिकॉमला चिपा स्वस्त हव्या होत्या. इकडे फाजिन इंटेलच्या साहेबलोकांच्या मागे लागले होते की ही चिप कॅल्क्युलेटरपुरती नाही. ४००४ तपासणारं यंत्र त्यांनी ४००४ वरच चालवून दाखवलं. शेवटी सौदा ठरला : इंटेलनं भाव उतरवला, ६० हजार परत दिले आणि कॅल्क्युलेटर सोडून इतर कामांसाठी चिप विकायचा हक्क घेतला. १५ नोव्हेंबर १९७१ ला जाहिरात आली. बिझिकॉमचं दिवाळं १९७४ साली निघालं. वहीत मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : ‘जमा ६०,०००. नावे?’ नाव्याची बाजू कोरी सोडली.

शिमा पुढे इंटेलमध्ये आले आणि १९७४ च्या ८०८० या मायक्रोप्रोसेसरवर फाजिन यांच्याबरोबर त्यांचा हात आहे. नंतर दोघांनी झायलॉग कंपनीत झेड-८० हा आणखी एक मायक्रोप्रोसेसर केला.

चार वाजता लेक नातवाला घेऊन आली. मी बाकावर पाय लांब करून तिकिटाच्या पाठीमागे बेरीज मांडत बसलो होतो. “आजोबा, काय करताय?” म्हटलं, त्या चार चिपांच्या नंबरांची बेरीज. ४००१, ४००२, ४००३, ४००४. त्यानं आईचा मोबाइल ओढला, अंगठ्यानं टकटक केलं.

“सोळा हजार दहा.”

मी तिकीट उलटं करून दाखवलं. त्याला शंका एकच होती, ४००१ मधल्या शेवटच्या शून्याच्या डोक्यावर मी तो एवढासा एक कशाला लिहिलाय.