तुम्ही विचारलंत म्हणून: वाकडे टाके मी सरळ का करत नाही?

माझं कराडला फॉल-पिकोचं दुकान आहे. साडी टाकायला आलेली बाई टेबलाखालचं गाठोडं बघते, वाकळ आहे म्हटल्यावर कोपरा उलगडते आणि हमखास विचारते, "ताई, केवढं वाकडंतिकडं शिवलंय हे! उसवून नीट का नाही घालत? तुमचा हात तर किती चांगला आहे." मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं, मशीन चालू असतं. मी "हो, बघू" म्हणून वेळ मारून नेते. आज दुकान बंद आहे, तेव्हा नीट सांगते.

तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील, आमच्याकडे वाकळ. ही गाठोडी सत्तरी-ऐंशीतल्या बायकांची. वाकळ धरली हौसेनं, पण पुरी होईना. मग सून, लेक, क्वचित एखादा नातू गुपचूप माझ्याकडे आणून द्यायचा. आजींना सांगायचं, "गच्चीवर ऊन द्यायला टाकलीय." मी चार-पाच ओळी घालायचे, दिवेलागणीला वाकळ परत घरी. एकदम जास्त घातलं तर कळलं असतं. हे खोटं होतं, मला मान्य आहे. पुढे येतेच त्याच्यावर.

लोकांना वाटतं, नजर गेली म्हणून काम थांबतं. नजरेचं काहीतरी करता येतं. मोतीबिंदू काढता येतो, सुया ओवून देता येतात. पत्र्याच्या चकतीवर बाईचं तोंड छापलेली ती दोरा ओवायची वस्तू मिळते ना, ती काही कामाची नाही, तिची तार म्हाताऱ्या बोटांत सापडतच नाही. त्यापेक्षा सकाळी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात, दिवस निघतो. वाकळ अडते ती गुडघ्यांपायी. ती जमिनीवर अंथरायची, कोपऱ्यांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवायचा, आणि तिच्यावरच बसून सरकत सरकत शिवायचं. माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकजणी कडेनं सुरुवात करून फिरत फिरत आत येतात. कडेच्या ओळी बाहेर बसून होतात. आत जायचं म्हणजे रांगणं आलं. त्यामुळे माझ्याकडच्या वाकळा सगळ्या एकसारख्या: कडा भरलेल्या आणि मधे दोन हात जागा मोकळी, कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा तसाच लोंबणारा.

म्हणून मी आधी सुनांना सांगते, वाकळ जेवणाच्या टेबलावर अंथरा आणि आजींना खुर्ची द्या. दोन वाकळा माझा एकही टाका न लागता अशाच पुऱ्या झाल्या. पण टेबल सगळ्यांच्या घरात नसतं. आणि असलं तरी "जेवायच्या जागी चिंध्या?" म्हणणारं कुणीतरी असतंच.

आता उसवण्याचं. एकदा उसवलं होतं मी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. ऐंशी पार केलेली, हाताला कंप. वाकळ अस्सल जुन्या वळणाची. सुती नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. त्याची चौघडी केली की माणूस झोपेल एवढी लांबी आणि चार पदर आपोआप मिळतात. आजींनी त्यात खाली एक इरकली लुगडं घातलेलं, वरून धोतराचं पान, आणि कडेला खणाचे तुकडे. रंग काय सुंदर लावले होते! पण टाके मात्र अर्ध्यावरून असे भरकटलेले की एक ओळ दुसरीच्या अंगावर जाते. सुनेनं वाकळ आणून दिली आणि मला राहवलं नाही. आठ ओळी उसवल्या आणि पट्टीवर खडू मारून सरळ घातल्या. तीन सुया मोडल्या त्यात. दोष दिला सुयांच्या पाकिटाला.

दुसऱ्या दिवशी आजींनी वाकळीवरून हात फिरवला. बघितलं नाही, नुसता हात फिरवला.

"ह्ये कुनी घातलं गं?"

सून म्हणाली, "तुम्हीच की. विसरलात."

"मी न्हवं. ही बाय घाईत हुती."

आणि त्यांनी ब्लेड मागवलं. तीन दुपारी आजी कॉटवर बसून, वाकळ मांडीवर घेऊन माझे टाके उसवत होत्या. उसवायला ना नजर लागते, ना गुडघे. सुनेचा मला घाबराघुबरा फोन, "काय करू? सारखी ब्लेड घेऊन बसलीय आणि खूश आहे!"

मी गेले. म्हटलं, "आजी, मीच घातले होते. चुकलं." त्या रागावल्या नाहीत. माझं बोट धरून एका जागी दाबलं. "हितं काय लागतंय?" खाली काहीतरी जाड होतं. इरकलीचा काठ, आणि तोही दुमडलेला. "तितं सुई घुसत न्हाई. मोडती. म्हून मी वळीवली." पुढे आणखी एका ठिकाणी बोट नेलं. तिथे फाटक्या लुगड्यावरचं जुनं ठिगळ. मला वरून जे भरकटणं वाटत होतं, त्यातलं निम्मं आत काय आहे ते माहीत असल्यामुळे घेतलेलं वळण होतं. माझ्या तीन सुया कुठे मोडल्या तेही तेव्हाच कळलं.

उरलेलं निम्मं हाताच्या कंपाचंच होतं, ते काही मी नाकारत नाही. आजीही नाकारत नव्हत्या. पण कुठला टाका कशामुळे वळलाय हे वरून बघून मला आजही सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही ते उसवू नये, एवढाच माझा नियम.

एक अपवाद करते. टाका इतका लांब पडलाय की झोपेत पायाचा अंगठा अडकेल, तिथे मधे एक बारीक टाका घालते. सुटलेल्या गाठी मारून घेते. बाकी मोकळ्या जागेत शिरायच्या आधी त्या बाईचा हात शिकून घ्यावा लागतो. कुणाचा टाका तांदळाएवढा, कुणाचा गव्हाएवढा. कुणी दोन ओळींत बोटभर जागा सोडते, कुणी दोन बोटं. आधी एखाद्या चिंधीवर गिरवते, शाळेत पुस्ती काढायचो तशी. हात बसायला दोन दिवस जातात, आणि खरं सांगायचं तर कामातला हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

"मशीनवर का नाही मारत?" हाही प्रश्न असतो. चार-पाच पदर माझ्या मशीनच्या पायाखाली सरकत नाहीत, आणि सरकवले तर वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते. मग पांघरली तरी अंगाला बिलगत नाही. सिंथेटिक साड्यांच्या वाकळीही येतात हल्ली. ते पदर एकमेकांवरून घसरतात, टाका कितीही जवळ घाला. सुती लुगडं नेसणारी बाईच घरात उरली नाही, तर जुनं लुगडं येणार कुठून?

माझी मावसबहीण कर्नाटकात हल्याळला दिलीय. तिकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी शिवतात, आपल्या वाकळीची बहीणच. त्याही कडेनं सुरुवात करून आत येतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली म्हणत नाहीत. मी तिथे एका बाईला विचारलं, ओळी वाकड्या आल्या तर? तिला प्रश्नच नीट कळला नाही. मी दोनदा विचारला. मग तिनं मला फुलं दाखवली.

तर गुपचूप न्यायचं मी त्या आजींनंतर सोडलं. आता येणाऱ्या लेकीसुनांना सांगते, आधी त्यांना विचारा. काहीजणी "दे की, शिवू दे तिला" म्हणतात. काहीजणी ठाम नको म्हणतात, मग मी नुसत्या सुया ओवून पाठवते. आणि कुणाची वाकळ माझ्याकडे आहे हे दुकानात सांगत नाही. तुम्हीही कोपरा उलगडून ओळखायला जाऊ नका.

टोकाच्या आजींची वाकळ अजून पुरी झालेली नाही. मी सोमवारी दुपारी जाते. त्या कॉटवरून बोटानं जागा दाखवतात, मी खाली बसून शिवते. मी परतल्यावर त्या त्यातल्या एक-दोन ओळी उसवून ठेवतात. कधी त्या पसंत नसतात म्हणून, कधी नुसता वेळ जात नाही म्हणून. मी विचारत नाही. सुनेला घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी पांघरुणं नदीवर धुवायची असतात, तेव्हा ती दरवर्षी विचारते, "ताई, होईल ना हो दसऱ्यापर्यंत?"

मी होईल म्हणते. कुठल्या दसऱ्यापर्यंत, ते तिनं अजून विचारलेलं नाही.