३२ पाउंड आणि माझा उजवा खांदा

वयाच्या ३८व्या वर्षी मी तिरंदाजी शिकायला घेतली. रामबागेतल्या घरापासून मैदान स्कूटरवर दहा मिनिटं. नाव नोंदवलं, दोन महिने तिथल्याच लाकडी रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर) शिकले, सगळं सुरळीत. अडलं ते स्वतःचं धनुष्य घेताना, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

सरांनी कागदावर लिहून दिलं होतं: २५ इंची रायझर (धनुष्याची मधली मूठ), शॉर्ट लिंब (मुठीला वर-खाली जोडायच्या लवचीक पट्ट्या), २० पाउंड (दोरी ओढायला लागणारा जोर, त्यालाच धनुष्याचं वजन म्हणतात). दुकानदाराने कागद वाचला आणि बाजूला सरकवला. "मॅडम, बीस में क्या होगा? सीधे बत्तीस ले लो, दुबारा खर्चा नहीं." ऑलिंपिकच्या मुली ४० पाउंडांच्या आसपास ओढतात, हेही ऐकवलं. त्या ७० मीटरवर नेम धरतात आणि मी १० मीटरवर उभी राहते, हे तेव्हा सुचलं नाही. घेतलं.

तिसऱ्या दिवशी दोरी हनुवटीपर्यंत आणता आणता कोपर थरथरायला लागलं. चौथ्या दिवशी केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. सरांनी धनुष्य हातात घेतलं, लिंबवरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "आजपासून हे बंद."

लिंब बदलून घ्यायला गेले, तर "दोरीचे वळ उठलेत, वापरलेला माल परत होत नाही." दुसऱ्या खेपेला सल्ला मिळाला की रायझरचे बोल्ट सैल करा, वजन उतरेल. उतरतं, पण फार तर दहा टक्के. ३२चे २९ होतील, २० नाही. आणि मर्यादेपलीकडे बोल्ट सैल केला तर लिंब निसटून अंगावर येऊ शकते. तिसऱ्या खेपेला मालक गावाला गेलेले. ऑफिसमधून अर्धी रजा टाकून राजवाडा भागातल्या गर्दीतून जायचं आणि हे ऐकून परतायचं! चौथ्या खेपेला सरांचा तोच कागद काउंटरवर ठेवला. "हा तुम्ही वाचला होता." मालकांनी थोडे पैसे कापून २०ची लिंब दिली. तोवर २३ दिवस गेले होते.

लिंबवरचं वजन २८ इंच ओढीवर, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेलं असतं. आपली ओढ काढायची तर दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत मापायचं आणि अडीचने भागायचं. माझे ६५ इंच, म्हणजे ओढ २६. एका इंचाला साधारण दोन पाउंड कमी होतात, त्यामुळे २०च्या लिंबवर माझ्या हाती १६ येतात. तेवढे पुष्कळ झाले. पूर्ण ओढून दहा सेकंद न थरथरता धरता आलं, तरच ते वजन आपलं.

३२च्या लिंबसोबत घेतलेले बाण मात्र दुकानदाराने परत घेतले नाहीत. स्पाइनचा (बाण किती वाकतो त्याचा) आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक. ७००चे ते कडक बाण नव्या लिंबवर सारखे डावीकडे जात. शेवटी १२००चे वेगळे घेतले. म्हणून वजन ठरल्याशिवाय बाण घेऊच नका, आणि पहिले बाण थोडे लांबच ठेवा, ओढ वाढते.

हे आधी सांगायला हवं होतं: दुकानात जाण्यापूर्वी आपला प्रबळ डोळा (नेम धरताना पुढाकार घेणारा) कोणता ते तपासा, कारण त्यावरून हात ठरतो आणि उजव्या आणि डाव्या हाताचे रायझर वेगळे असतात. टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं कातडं) आणि आर्मगार्ड (दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावर बांधायची पट्टी) स्वतः घालून बघा. स्ट्रिंगर (धनुष्यावर दोरी चढवायचं साधन) बिलात आहे ना तेही पाहा; त्याऐवजी धनुष्य पायात अडकवून दोरी चढवली की लिंब पिळवटते.

७००चे आठही बाण आमच्या मैदानावर ३४ पाउंड ओढणाऱ्या एका मुलीला दिले. तिच्या हातून ते सरळ जातात.