कस्टम्समध्ये अडकलेली त्सुबा

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या मूठ आणि पात्याच्या मधे बसणारी धातूची चकती. सात-आठ सेंटिमीटर व्यासाची, ना धार ना टोक. हे मी कस्टम्सच्या त्या कचेरीत किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

माझी त्सुबा लोखंडी, एदो काळातली (१६०३ ते १८६८), शोआमी नावाच्या त्सुबा-कारागिरांच्या परंपरेतली. सोबत जपानी तज्ज्ञांचं फोटोसकट प्रमाणपत्र. पैसे भरले, पार्सल निघालं, सगळं सुरळीत. घोडं अडलं ते भारतात. विक्रेत्याने डिक्लेरेशनवर 'सोर्ड गार्ड' लिहिलेलं. ते वाचून साहेबांनी माल ९३०७ या कस्टम्स कोडखाली टाकला. त्यात तलवारी, संगिनी आणि त्यांचे सुटे भागही येतात. म्हणजे शस्त्रपरवाना आणा!

मी म्हटलं, ९७०६ लावा, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं. "मग जुनी असल्याचा पुरावा द्या." प्रमाणपत्र दिलं, तर ते जपानीत. भाषांतर करून नेलं. "यात साल कुठंय?" साल नव्हतंच, परंपरा, धातू, नक्षी, एवढंच. मग मी १८७६ चा हुकूम सांगितला. त्या वर्षी जपान सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी केली आणि या कारागिरांचं नेहमीचं गिऱ्हाईकच गेलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "हे लिहून कोण देणार?" तसं त्यांचंही खरं, बंदीनंतरही परदेशी हौशी लोकांसाठी असं काम होत राहिलं. पण काय काय लागतं ते एकदाच सांगायला काय जातं? दर खेपेला नवा कागद, आणि कागद घेऊन जावं तर साहेब रजेवर.

सुटका झाली ती विक्रेत्याच्या इंग्रजी पत्राने. लेटरहेडवर माप, वजन, धातू, फोटो आणि '१८६८ पूर्वीची' हे शब्द. हे पत्र पैसे भरण्याआधीच मागा, नंतर विक्रेते थंडावतात. शिवाय मी साहेबांना मधली खाच दाखवली. पात्याचं बूड जिथून जातं तिथे दोन्ही टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले असतात, दुसरं पातं घट्ट बसावं म्हणून. "नव्या मालाला हे ठिगळ कशाला लागलं असतं, साहेब?" त्यांनी भिंग मागवलं! तेवढ्यापुरती माझी कॉलर ताठ.

नवख्यांनी अख्ख्या तलवारीच्या नादी लागू नये. जपानमधली नोंदणी, निर्यातीची परवानगी, तो व्याप निराळाच. डिक्लेरेशनचा मजकूर खरा पण पूर्ण हवा: जुनी नक्षीदार चकती, पातं नाही, काळ अमुक.

आणि हो, घरी आल्यावर चिंच, पितांबरी काही लावायचं नाही. काही त्सुबा शाकुदोच्या असतात, म्हणजे तांब्यात थोडं सोनं मिसळलेल्या धातूच्या. शाकुदोचा निळसर काळा रंग हा मुद्दाम चढवलेला पातळ थर असतो, घासला की गेला. लोखंडी त्सुबा सुती कापडाने नुसती पुसा, आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका.