मामानं कुणाचं घर विकलं?

तुर्की कागदपत्रांचा मराठी-इंग्रजी अनुवाद करणं हे माझं रोजचं काम. एकदा पुण्यातला एक तरुण मावशीचं पत्र घेऊन आला. आई इझमीरची, ती गेल्यावर तिथलं घर याच्या नावावर झालेलं. याला तुर्की येत नव्हतं, म्हणून मी समोरच वाचून सांगू लागले. आपल्यासारखीच तुर्कीतही मामा, काका, मावशी, आत्या यांना वेगवेगळी नावं आहेत, त्यामुळे नात्यांत घोटाळा होत नाही. पहिल्या चार ओळी याच्याच घराच्या, गळक्या छपराच्या. पाचवी मी त्याच ओघात सांगितली, "तुझ्या मामानं तुझं घर विकलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी ओळ पुन्हा पाहिली. शब्द होता 'एविनी'.

'एव' म्हणजे घर. 'एविन' म्हणजे तुझं घर. पुढे कर्म दाखवणारा 'ई' लागला की 'एविनी'. 'एवी' म्हणजे त्याचं घर; पण विभक्ती जोडण्याआधी मध्ये एक 'न' घालावा लागतो, म्हणजे तेही 'एविनी'. उच्चार एक, लेखन एक. शब्द स्वरान्त असता तर प्रश्नच नव्हता: 'केदिनी' तुझ्या मांजराला, 'केदिसिनी' त्याच्या मांजराला. घर मात्र व्यंजनान्त निघालं.

पूर्वी हे दोन 'न' वेगळे होते. 'तुझं'मधला न खरं तर आपला ङ. उस्मानी काळच्या अरबी लिपीत तो 'काफ'नं लिहीत. 1928 मध्ये लॅटिन लिपी आली आणि दोघांना एकच अक्षर मिळालं. तुर्कीच्याच कुळातल्या उझबेक भाषेनं तो भेद अजून राखलाय: 'उयिंगनी' तुझं घर, 'उयिनी' त्याचं. मावशी तुर्कीत लिहीत होती आणि मी मागच्या चार ओळींवर विसंबले. चूक माझीच, अशा जागी थांबून विचारायला हवं, हे मला ठाऊक होतं.

तिथूनच मावशीला फोन लावला. प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच ती म्हणाली, "केंदी एविनी!" केंदी म्हणजे स्वतःचं. मामा आता तिच्याकडेच राहायला आला होता.

पोराचे डोळे भरून आले. त्यानं लगेच वडिलांना फोन केला, "बाबा, मामानं आपलं घर विकलं."

पलीकडे शांतता. मग मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "आपलं म्हणजे कुणाचं?"

"त्याचं, बाबा. त्याचं स्वतःचं."